सरकारचं माप

सुभाषनगरातल्या माझ्या दुकानात
माणसं पाय घेऊन येतात.
कागदावर ठेवा म्हणतो, पेन्सिल फिरवतो.
चाळीस वर्षं झाली,
एका माणसाचे दोन पाय सारखे
मी अजून बघितले नाहीत.

गेल्या चैत्रात रणधीर नाईकनवरे कुत्रं घेऊन आला.
बर्फातल्या जातीचं, एक डोळा निळा, एक तपकिरी,
नाव सरकार.
आलं ते थेट फरशीवर पोट टेकून पसरलं,
माझ्याकडचा पंखा त्याच्याकडं फिरवावा लागला.
"मामा, ह्याला साज शिवा. गाडी ओढंल असा.
छातीवर पट्टा, काखेत काचायला नको."

मी टेप काढला आणि भांडण लागलं.

ढोरांचे डॉक्टर हुक्कीरे बरोबर होते. म्हणाले,
खांद्यापाशी साडेतेवीस इंच, बस्स.
वर गेलं की बाद, नियमातच आहे.
हलकं कुत्रं दिवसभर पळतंय,
थोराड झालं की तापतंय, गुडघं जातात.
शाहूपुरीतला गुळाचा अडत्या बाळगोंडा हसला.
"ओढायचं म्हणजे अंगात रग पाहिजे का नको?
बैल घेताना कोण पट्टी लावतंय?"
"लावतात की," डॉक्टर म्हणाले,
"खिलारचं शिंगसुद्धा मापतात."
मग शिंगावर गेले, वशिंडावर गेले,
चहा आला, चहा गार झाला.
रणधीरचा पोरगा, दहावीतला, मधेच बोलला,
"तिकडं आधी नियम नव्हतेच.
वादळातनं जे घरी परत यायचं ते चांगलं."
त्याला कुणी उत्तर दिलं नाही.
बिस्किटं आणायला पाठवलं.

माझ्याकडंही फर्मे आहेत, लाकडी, सहा ते अकरा.
व्यापारी म्हणतो ह्याच मापात द्या, दुसरं परत येईल.
हौसाचा पाय त्यातल्या एकातही बसला नाही,
टाच आठाची, पंजा दहाचा.
लग्नानंतरची तिची पहिली चप्पल
मी तिचा पाय मांडीवर घेऊन केली.
हे तेव्हा बोललो नाही. छाती मापली,
बत्तीस.
उंची मला लागतच नव्हती.

रविवारी मैदानात मांडव.
पंच परगावचे, पांढरे बूट, हातात लोखंडी कमान.
ती कुत्र्याच्या खांद्यावरनं धरतात,
कमानीचे दोन्ही पाय जमिनीला टेकले तर पास.
सरकारवर धरली. टेकली नाही.
रणधीर त्याच्या कानात, "वाक की लेका जरा."
सरकार जसं उभं होतं तसंच उभं.
केसं दाबून बघितली, पुन्हा कमान.
अर्धा इंच जास्त.
भोंग्यावरनं सांगितलं, सरकार बाद,
आणि निम्म्या मांडवानं टाळ्या वाजवल्या.
पहिला आला तो पावणेतेवीस.
बक्षिसालाही कूलरपुढनं उठला नाही,
ढाल त्याच्याजवळ नेऊन ठेवली.

सोमवारी पहाटे, ऊन व्हायच्या आत,
साज घेऊन मी कळंब्याच्या रस्त्याला गेलो.
सायकलची चाकं लावलेली हातगाडी,
वर पोरगा आणि बाळगोंडाचे गुळाचे दोन रवे.
डॉक्टर घड्याळ घेऊन हजर.
सरकारनं एकदा मागं वळून बघितलं,
मान खाली घातली,
खांदे माझ्या पट्ट्यात भरले,
चाकं कुरकुरली आणि गाडी निघाली,
रस्त्यानं नाही,
सरळ आडवी, धारा चालल्या होत्या त्या गोठ्याकडं.
डॉक्टर ओरडत मागं, अडत्या ओरडत मागं,
पहिल्यांदाच दोघांचं म्हणणं एक:
थांब, थांब.

थांबलं ते आपल्या मनानं, म्हशीच्या तोंडापुढं.
मी धापा टाकत पोचलो. पट्टा सोडवून बघितला.
बत्तिसाला भोक होतं, तेहतिसाला होतं.
काखेत जरा लाल झालं होतं.
खिशातनं आरी काढली,
दोन्हीच्या मधे एक पाडलं,
अंदाजानं.
पोरगा गुळाचा खडा चघळत होता.
म्हैस बघत होती.